वाघनख, बिचवा, गुप्ती: लपवायचं हत्यार ओळखायचं कसं

गडाच्या पायथ्याशी किंवा शिवजयंतीच्या प्रदर्शनांत जी वाघनखं विकायला असतात, त्यांतली बरीचशी एका साध्या परीक्षेत नापास होतात. ती घातल्यावर मूठ मिटत नाही. नख्या लांबलचक, टोकं स्वतःच्याच तळव्यात घुसतील अशी, आणि पट्टी हातापेक्षा रुंद. भिंतीवर टांगायला झकास. पण मुठीत लपत नसेल तर ते वाघनख कशाचं?

तलवार, भाला, पट्टा ही चारचौघांत मिरवायची हत्यारं. कंबरेला लटकावलेली कट्यारसुद्धा मिरवायचीच. लपवायच्या हत्याराचा हिशोब निराळा असतो. तिथे आधी जागा ठरते: मूठ, अस्तनी, शेला, हातातली काठी. मग त्या जागेत मावेल तेवढंच पातं बसवायचं. साहजिकच लांबी, वजन, पकड किंवा हाताचं संरक्षण यांपैकी कशावर तरी पाणी सोडावं लागतं. कारागिराने नेमकं कशावर पाणी सोडलंय हे एकदा दिसायला लागलं की वस्तू वापरातली आहे की दिवाणखान्यातली, हे निम्मं तिथेच कळतं.

वाघनखापासूनच सुरुवात करू. एक आडवी लोखंडी पट्टी किंवा जाड सळई, तिच्या दोन टोकांना दोन कड्या, आणि पट्टीच्या तळव्याकडच्या बाजूला चार किंवा पाच वाकड्या नख्या. कड्या तर्जनी आणि करंगळीत घालायच्या. मधली दोन बोटं पट्टीवरून मिटतात. बाहेरून पाहणाऱ्याला दोन अंगठ्या दिसतात, बाकी सगळं मुठीच्या आत. प्रौढ पुरुषाच्या चार बोटांची रुंदी साधारण ८ ते ९ सेंटिमीटर भरते, त्यामुळे पट्टीही त्याच मापात हवी. कडीचा आतला व्यास बोटापेक्षा थोडासाच मोठा. नखीचा बाक असा, की मूठ मिटल्यावर टोक आणि तळवा यांच्यात थोडी जागा उरेल.

काही नमुन्यांत कड्यांऐवजी पट्टीलाच बोटांसाठी भोकं असतात. काहींत पट्टीच्या एका टोकाला छोटं पातं जोडलेलं असतं, म्हणजे बिचवा (विंचवाच्या नांगीसारखा बाकदार सुरा) आणि वाघनख एकाच वस्तूत. संग्राहकांना हा जोडप्रकार फार आवडतो. पण पातं मुठीबाहेर आलं की लपवण्याची सोय गेली. मग ते अस्तनीतच ठेवावं लागतं.

या हत्याराची मर्यादा त्याच्या बांधणीतच आहे. सगळा जोर दोन बोटांवर येतो आणि त्यांतली करंगळी सगळ्यांत कमकुवत. कडी सैल असेल तर झटक्यासरशी पट्टी बोटाभोवती फिरते आणि नख्या आडव्या पडतात. भोसकता येत नाही, फक्त ओरबाडता येतं. जखम नखीच्या लांबीपेक्षा खोल जात नाही आणि जाड कपड्याचे थर मध्ये आले तर तेवढीही नाही. म्हणून वाघनख एकटं पुरत नाही, त्याला जोडीदार लागतो.

हे प्रतापगडाच्या प्रसंगातही दिसतं. १० नोव्हेंबर १६५९ च्या भेटीबद्दल बखरकार सभासद लिहितो, त्यात वाघनख आणि बिचवा अशी दोन्ही हत्यारं येतात, आणि मारही त्याच क्रमाने येतो: आधी वाघनखाचा, मग बिचव्याचा. आपल्या सांगण्यात मात्र बिचवा गळाला आणि नुसती वाघनखं उरली. वाघाची नखं म्हटल्यावर चित्र डोळ्यांपुढे लगेच उभं राहतं, विंचवाचं तितकं राहत नाही, एवढंच त्याचं कारण असावं.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधलं वाघनख जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आलं, तीन वर्षांच्या बोलीवर. ते शिवाजीचंच का, यावरून जो वाद झाला त्यात धातू, नख्या, गंज यांवर पुष्कळ बोललं गेलं. खरी गंमत ते ज्या पेटीत आहे तिच्यावरच्या मजकुरात आहे. जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी, असताना पेशव्याच्या प्रधानाने हे त्याला दिलं आणि याच वाघनखाने शिवाजीने मोगल सेनापतीला मारलं, असं ती पेटी सांगते. अफझलखान आदिलशाहीचा सरदार, मोगलांचा नव्हे. डफ साताऱ्यात आला १८१८ मध्ये, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच साली. वस्तू डफच्या घराण्याकडून संग्रहालयाकडे आली इथपर्यंतची साखळी सरळ आहे. त्यामागची दीडशेहून अधिक वर्षं त्या पेटीच्या भरवशावर उभी आहेत, आणि हेच वाघनख १६५९ मध्ये वापरलं गेलं असं पडताळता येत नाही, हे खुद्द संग्रहालयानेच नोंदवून ठेवलंय. धातू पाहून फार तर घडण्याची रीत कळेल. हात कोणाचा होता ते धातू सांगत नाही. ‘हेच ते’ असं छातीठोक सांगणाऱ्यांनी आणि ‘हे ते नव्हेच’ म्हणणाऱ्यांनीही एवढं लक्षात घ्यायला हरकत नाही.

जुनं वाघनख हाताशी आलं तर ते बोटांत घालून बघायचा मोह होतोच. तो टाळावा. कडीच्या आत गंजाची टोकं असतात आणि बोट अडकलं की घाईत ओढून घेताना नख्या लागतात. त्याऐवजी आपल्या मिटलेल्या मुठीची बाह्यरेषा जाड कागदावर काढा, कागद कापा आणि वस्तू त्यावर ठेवा. नख्या त्या आकारात बसायला हव्यात. मग दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पुढच्या गोष्टी बघा. कडीच्या आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा गुळगुळीत आहे का? वापरलेल्या वस्तूत झीज बोटाच्या बाजूने जास्त असते. सगळीकडे सारखी झीज दिसली तर ती कानशीने किंवा आम्लाने आणलेली समजावी. नखी पट्टीत कशी बसवलीय? जुन्या कामात नखीचं शेपूट पट्टीच्या भोकातून काढून मागून ठोकून रिबीट केलेलं असतं किंवा भट्टीत तापवून जोड मारलेला असतो. जोडाच्या कडेने बारीक मण्यांची ओळ दिसली तर ते विजेचं वेल्डिंग, आणि मग वयाची चर्चा तिथेच थांबवायची. सगळ्या नख्या शेवटच्या मिलिमीटरपर्यंत एकसारख्या असतील तर त्या एका साच्यातल्या किंवा बाजारच्या सळईच्या. हाताने घडवलेल्या चार नख्यांत एखादी तरी किंचित वेगळी भरते.

बिचवा नाव विंचवाच्या नांगीवरून. पातं दुहेरी बाकाचं, आधी एकीकडे वळतं आणि टोकाशी उलट. हा आकार मुळात म्हशीच्या किंवा रेड्याच्या शिंगाचा. शिंग उभं चिरून टोकदार केलं की नेमका हाच बाक मिळतो, आणि धातूच्या बिचव्याने तो तसाच उचलला. मूठ म्हणजे लोखंडाची बंद कडी. बोटं आत जातात, कडीची बाहेरची बाजू पेरांना झाकते. तलवारीची परज, म्हणजे मुठीपाशी हात वाचवणारी आड, जे काम करते तेच इथे ही कडी करते, शिवाय हाताला घाम आला तरी हत्यार निसटत नाही. या कडीमुळेच बिचवा चपटा राहतो आणि अस्तनीत किंवा शेल्याच्या घडीत पोटाशी बसतो. अंगरख्याची अस्तनी आजच्या शर्टासारखी घट्ट नसायची, हे ध्यानात ठेवलं तर ‘अस्तनीतला निखारा’ हा शब्दप्रयोगही नीट कळतो: तिथे खरोखरच काहीतरी ठेवायला जागा होती.

बिचव्यात फसवणूक बहुधा बाकात होते. नव्या नकलांत पातं सपाट पत्र्यातून कापलेलं असतं, त्यामुळे बाक दिसतो पण मधला उंचवटा नसतो. खऱ्या पात्याला मधोमध कणा असतो, किंवा कणा नसेल तर मुठीजवळ जाडी जास्त आणि टोकाकडे कमी होत गेलेली असते. कॅलिपरने तीन ठिकाणी जाडी मोजा: मुठीशी, मध्ये, टोकापासून दोन बोटांवर. तिन्ही आकडे सारखे आले तर तो पत्रा. टोक मात्र उलट जाड केलेलं आढळलं तर ते दोष समजू नका. चिलखताच्या कड्या फोडायला टोकाला मुद्दाम मांस ठेवायची रीत होती.

आता गुप्ती. जुन्या घरांत माळ्यावर, देवघराच्या कोपऱ्यात काठी म्हणून पडलेल्या गुप्त्या अजूनही निघतात, आणि घरच्यांना त्यात पातं आहे याचा पत्ता नसतो. ओळखायच्या खुणा अशा. काठी तिच्या जाडीच्या मानाने जड लागते. बोटावर तोलली तर तोल मधोमध न येता मुठीकडे सरकतो. वरच्या चौथ्या हिश्श्यात एखादं पितळी किंवा चांदीचं कडं असतं आणि त्या कड्याखाली सांधा लपलेला असतो. काठीच्या तळाला शेंबी असते. शेंबी काढलेली असेल तर आतली पोकळी दिसते. हलवल्यावर बारीक खुळखुळ आली तर पातं आत आहे आणि म्यानातली जागा झिजलीय.

सांधे तीन तऱ्हेचे. नुसता घट्ट बसवलेला, खटक्याचा आणि आट्यांचा. घट्ट बसवलेला सगळ्यांत चटकन निघतो आणि सगळ्यांत आधी बिघडतो: पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं अडकतं, उन्हाळ्यात आकसतं आणि पातं आपोआप घसरतं. खटक्यात स्प्रिंगची पट्टी असते, ती गंजून तुटते. आट्यांचा सांधा सुरक्षित, पण उघडायला वेळ लागतो, म्हणजे संकटाच्या वेळी निरुपयोगी. असं असूनही आटे खूप आढळतात. त्यावरून वाटतं, की बऱ्याच गुप्त्या झटापटीसाठी कमी आणि ‘आपल्याजवळ आहे’ या दिलाशासाठी जास्त बाळगल्या जात.

अडकलेली गुप्ती उघडताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पकडीने पिळणं ही पहिली. कड्यावर दाते उमटतात, लाकडाला उभी चीर जाते, आणि आटे उलटे असतील तर आपण सांधा आणखी आवळत असतो. आपल्याकडच्या जुन्या कामात डावे आटे सापडतात, म्हणून हाताच्या जोराने दोन्हीकडे हलकंसं फिरवून बघायचं. हललं नाही तर तिथेच थांबायचं. काठी पावसाळ्याबाहेर, कोरड्या खोलीत, उन्हात न ठेवता तीन-चार आठवडे आडवी ठेवा. लाकूड आपणहून सोडतं. सांधा धातूचा असेल तरच त्यावर गंज सोडवणाऱ्या पातळ तेलाचा एक थेंब टाका आणि दिवसभर वाट बघा. लाकडात तेल घालू नका, ते काळं पडतं. ओढताना काठी जमिनीला समांतर धरा, टोकाच्या रेषेत कोणी उभं नको, आणि दोन माणसांनी दोन टोकं ओढायचा प्रकार तर नकोच. सुटतं तेव्हा एकदम सुटतं.

पातं बाहेर आलं की बहुधा अरुंद असतं, कधी चौकोनी किंवा तिधारी छेदाचं. काठीत रुंद पातं मावत नाही, म्हणून धार सोडून टोकावर भर. परज नाही, कारण परज असली तर काठी काठी दिसणार नाही. भोसकताना हात पुढे घसरून स्वतःच्याच पात्यावर जाण्याचा धोका गुप्तीत कायम असतो.

फकिरांच्या आणि बैराग्यांच्या कुबडीतली गुप्ती हा याच कुळातला छोटा प्रकार. बसताना काखेखाली किंवा हाताखाली टेकायची आखूड कुबडी, वरचा आडवा दांडा म्हणजेच पात्याची मूठ. फारशीत तिला जफर तकिया म्हणतात, विजयाची उशी. साधूच नव्हे, गादीवर बसणारे सरदार-बादशहाही ती बाळगत. सज्जनगडावर समर्थांची म्हणून जी कुबडी दाखवतात तिच्यातही गुप्ती आहे.

काठीच्या पोटात पातं ठेवायची आणखी एक देखणी तऱ्हा कच्छची. ‘भुज’ म्हणून ओळखलं जाणारं हत्यार म्हणजे कुऱ्हाडीच्या दांड्यावर बसवलेला जाडजूड सुरा, सांध्यापाशी पितळी हत्तीचं तोंड. दांडा पोकळ, आणि खालचा गोंडा, म्हणजे टोकाचा गोळा, फिरवला की आतून बारीक कट्यारवजा पातं निघतं. आत काही नसेल तर ते कधीच नव्हतं असं समजू नका. दांड्याच्या तोंडाशी आटे आहेत का ते बघा. गोंडा बदललेला आणि पातं हरवलेलं, अशी भुजं लिलावात बरीच असतात.

माडू वेगळ्या अर्थाने लपवलेला आहे. काळविटाची दोन शिंगं उलटसुलट तोंडांनी जोडायची, मध्ये पकड, पकडीवर छोटी ढाल, शिंगांच्या टोकांना पोलादी टोप्या. फकिराच्या हाती दोन शिंगं दिसली तर कोणी शस्त्र म्हणत नसे. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात माडू अजून फिरतो. मात्र जुना माडू विकत घ्यायचा विचार असेल तर थांबा: काळवीट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. मालकीच्या प्रमाणपत्राशिवाय शिंगं बाळगणं गुन्हा ठरतो, मग ती दोनशे वर्षांपूर्वीची का असेनात.

केरळची उरुमी ही लवचीक तलवार कंबरपट्ट्यासारखी गुंडाळता येते, तिच्याबद्दल सगळेच लिहितात, म्हणून इथे सोडून देतो. वज्रमुष्टीबद्दल मात्र दोन वाक्यं हवीत, कारण तिची आणि वाघनखाची गल्लत फार होते. वज्रमुष्टी पेरांवर बसते, तिची टोकं बाहेर असतात आणि ती ठोसा मारायला आहे. म्हैसूरच्या राजवाड्यात विजयादशमीला जेट्टी मल्लांची वज्रमुष्टीची कुस्ती होते. डोक्यातून रक्ताचा पहिला थेंब आला की सामना संपतो. बडोद्याला गायकवाडांच्या दरबारात शिंगाच्या नख्या बांधून कुस्ती होई, तिचं वर्णन लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने १८६० च्या दशकातल्या प्रवासावरून केलंय. ती वाघनखाची भावकी म्हणता येईल, पण लपवण्याशी तिचा संबंध नव्हता. हजारो लोकांसमोर खेळायचा तो खेळ होता.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियमांच्या यादीत गुप्ती, म्हणजे काठीतली तलवार, नाव घेऊन आहे. इतर पात्यांना ९ इंच लांबी किंवा २ इंच रुंदी ही रेघ, आणि घरकाम-शेतीची अवजारं वगळलेली. वाघनख त्या रेघेच्या आत येतं म्हणून ते खिशात घालून मिरवणुकीत जावं असं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला जे मनाई आदेश निघतात त्यांत हत्यार बाळगणं आलंच. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी भाच्याला भेट म्हणून पाठवायची असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा आडवा येतो. ती देशाबाहेर नेता येत नाही.

राहता राहिली निगा. लाल, बोटाला लागणारा गंज जिवंत असतो, तो काढायचा. काळा, घट्ट, गुळगुळीत थर काढायचा नाही. तो पोलादाचं संरक्षणही करतो आणि वयाचा पुरावाही आहे. चिंच, लिंबू, पितांबरी, पॉलिशपेपर यांतलं काहीही लोखंडी पात्याला लावू नका. चकाकी येते, पण पोलादाचं पाणी, म्हणजे त्यावरची लहरदार नक्षी, आणि कोफ्तगारी दोन्ही जातात. कोफ्तगारीत पृष्ठभागावर आडव्याउभ्या बारीक रेघा मारून त्यांत सोन्या-चांदीची तार ठोकतात. सोनं झिजल्यावर भिंगातून त्या रेघा दिसतात. रेघा नसतील आणि सोनं असेल तर तो मुलामा. लाल गंजावर शिलाई मशीनचं पातळ तेल लावून दोन दिवस ठेवा, मग सगळ्यांत बारीक, म्हणजे चार शून्याच्या स्टीलवूलने एकाच दिशेने हलकेच पुसा. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. पातं चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षं ठेवू नका. चामडं ओल धरतं, आणि ते कमावताना वापरलेली द्रव्यं पात्याला खातात. मुठी लाखेने बसवलेल्या असतात, म्हणून वस्तू उन्हातल्या गाडीत किंवा हॅलोजनच्या दिव्याखाली ठेवली तर लाख मऊ होऊन मूठ डुगडुगायला लागते.

सगळ्यांत जास्त नुकसान मात्र प्रेमापोटी होतं. खंडेनवमीला शस्त्रं पुजताना पात्यावर पाणी शिंपडलं जातं, हळदकुंकू लागतं, झेंडू वाहिला जातो, आणि हे सगळं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच राहतं. कुंकू ओल धरून ठेवतं आणि पाकळ्या कुजतात. आठवडाभरात बरोबर टिळ्याच्या आकाराचा खड्डा पडतो. पूजा करावी, पण टिळा मुठीला किंवा खाली अंथरलेल्या कापडाला लावावा, पाणी उडवू नये, आणि त्याच संध्याकाळी कोरड्या सुती फडक्याने पुसून तेलाचा हात द्यावा. हे तेल खोबरेल नको: ते खवट होतं आणि त्यातली आम्लं पोलादाला डाग पाडतात. करडई-जवसाचं तर वाळून चिकट साय होते, आणि मग ती काढायला कोणीतरी पॉलिशपेपर घेऊन बसतो.